गिटार आणि सतार : नामसाम्य व वाद्यसंबंध

'सतार' व 'गिटार' ही नावे एकाच मुळातून निघाली, असे विधान संगीतविषयक लेखनात वारंवार आढळते. गिटार रागसंगीतात रुळली ती याच जुन्या नात्याने, असेही त्यावरून सुचविले जाते. ही दोन्ही मते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

'सतार' हा फारसी 'से' (तीन) आणि 'तार' यांचा समास होय. 'गिटार' मात्र स्पॅनिश 'गितार्रा', अरबी 'कीथारा' या मार्गाने ग्रीक 'किथारा'पर्यंत जाते. याच गटातील 'किथारिस' हे रूप होमरच्या काव्यांत आहे. फारसी 'से' हे रूप वर्णविकाराने सिद्ध झालेले आहे. अवेस्तेत त्याच्या जागी, संस्कृत 'त्रि'शी जुळणारे, 'थ्रि' आढळते. शिवाय ग्रीकमध्ये सकार असताना परकीय सकाराचा ककार का व्हावा, याचे उत्तर मिळत नाही. तेव्हा हे साम्य केवळ ध्वनीचे, व्युत्पत्तीचे नव्हे.

नाव एक म्हणून वाद्यही एक, असेही नसते. ग्रीक किथारेला मान नव्हती, पडदेही नव्हते. पोर्तुगालात 'गितारा' म्हणजे फादो गायनाच्या साथीचे, सहा जोड्यांत बारा तारांचे वाद्य. आपण जिला गिटार म्हणतो तिला तेथे 'व्हिओला' म्हणतात. म्हणून वाद्याचे नाते ठरवावयाचे ते वादनक्रियेवरून.

स्पेनमध्ये गिटारीचे मुख्य कार्य अनेक तारा एकदम छेडून स्वरसंघ देण्याचे. अंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) याने पेटी मोठी करून आतील पट्ट्यांची रचना सुधारली, तेव्हा एकेका स्वराचा नादही भरदार झाला. तरीही अचल पडद्यांवर ताणलेल्या तारांतून, सतारीवर तार ओढून निघते तशी चार-पाच स्वरांची मींड निघत नाही. रागसंगीताच्या दृष्टीने खरी अडचण हीच होती.

ती दूर झाली हवाई बेटांत. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकविण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकूकू याला, १९व्या शतकाच्या अखेरीस, दिले जाते. हवाईयन भाषेत तिचे नाव 'कीका किला', म्हणजे पोलादाची गिटार. कांडीमुळे पडदे निरुपयोगी झाले आणि स्वर अखंड सरकू लागला. ब्रिजभूषण काबरा यांनी हीच पद्धत रागवादनासाठी स्वीकारली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत त्यांची गिटार संतूर व बासरी यांच्या बरोबरीने ऐकू येते. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी चिकारी व तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडविली.

तारेवरून गोळा किंवा कांडी सरकविण्याची ही क्रिया आपल्याकडे विचित्रवीणेत व गोट्टुवाद्यात रूढच होती. सारांश, रागसंगीतात गिटारीचे सख्य जुळले ते सतारीशी नव्हे, तर नावाने अगदी निराळ्या असलेल्या या वाद्यांशी. नामसाम्यावर विसंबणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीस नेमके हेच नाते पडत नाही.