अंबाडा : केशरचना आणि सौभाग्य

केसांची वेणी घालून अथवा त्यांना पीळ देऊन मानेच्या वर वेटोळे बांधणे, या केशरचनेस मराठीत अंबाडा म्हणतात. घाईत गुंडाळलेली गाठ म्हणजे बुचडा. नऊवारीवर शोभणारी फुगीर, डौलदार रचना म्हणजे खोपा. सुगरणीच्या घरट्यालाही खोपाच म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने आधी झाडाकडे पाहिले की बायकांच्या डोक्याकडे, कोण जाणे! संस्कृतातील 'धम्मिल्ल' हा शब्द अमरकोशात याच अर्थाने येतो.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) ते पैठण या रस्त्यावरील बिडकीनच्या परिसराला या रचनेची फार जुनी पार्श्वभूमी आहे. याच जिल्ह्यातील अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत फुले व मोती माळलेले अंबाडे दिसतात. आणि ज्या पैठणीवाचून खोपा अपुरा वाटतो, तिचे माहेर पैठण.

मात्र अंबाडा हा केवळ शृंगार नव्हता. मूद, राखडी, अग्रफूल हे केसांतील दागिने सौभाग्यवतीचे. ब्राह्मण व काही उच्चवर्णीय घरांत पती निवर्तताच स्त्रीचे केशवपन होई आणि अंबाड्याचा हक्कच संपे. या प्रथेविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केस न कापण्याचा निर्धार केला. वस्तरा धरणाऱ्यांनीच नकार द्यावा, ही घटना आजही पुरेशी सांगितली जात नाही. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला.

विसाव्या शतकाच्या आरंभी बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी अंबाडा आणि गजऱ्याची फॅशन घरोघर नेली. १९५० व ६० च्या दशकांत सहावारी साडी रुळली, तसा खोपा आटोपशीर होऊन अंबाडा शिक्षिकांचा, कचेरीत जाणाऱ्या स्त्रियांचा झाला. मधोमध भांग, केसांना तेल, मानेवर वेटोळे, त्याला आकडे, वर काळी जाळी आणि सणावारी अबोलीची वेणी. केस विरळ असतील तर गंगावन होतेच. विंचरताना निघालेला गुंतवळ जपून ठेवून फेरीवाल्यांना देणे आणि बदल्यात सुया-दोरे घेणे, हा व्यवहार अनेक गावांनी पाहिला आहे.

१९६० मध्ये शिकागोच्या मार्गारेट विंची हेल्ट यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उंच केशरचना मांडली. अशा उंच, फुगवलेल्या केसांची लाट हिंदी चित्रपटांतूनही आली. शर्मिला टागोर यांचे 'अॅन इव्हिनिंग इन पॅरिस'मधील (१९६७) केस अनेकींनी आरशासमोर करून पाहिले. आत गुंतवळाची गादी भरली की देशी अंबाडाही तेवढाच फुगे.

सत्तरीनंतर मोकळे आणि आखूड केस आले. अंबाडा आजीकडे राहिला. आता लग्नसराईत तो पुन्हा दिसतो. बाजारात तयार मिळतो, दोन आकड्यांनी बसवता येतो, आणि रात्री काढून डबीत ठेवता येतो.