कीश : एका पारीचा, एका सीमेचा आणि एका नावाचा इतिहास

१/ अंडी, साय, धुरावलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे आणि खाली मैद्याची खुसखुशीत पारी. 'कीश लॉरेन' हा आज फ्रेंच पाककलेचा मानबिंदू समजला जातो. परंतु त्याचे नाव मुळात फ्रेंच नाही आणि जी पारी त्याचे लक्षण मानली जाते, तीही मूळची नाही. हे कसे घडले, ते या धाग्यात पाहू.

२/ प्रथम नाव. जर्मन भाषेत केकला 'कूखेन' म्हणतात. फ्रान्सच्या ईशान्येस असलेल्या लॉरेन व अल्सास या प्रांतांतील जर्मन बोलींत या शब्दाची स्थानिक रूपे होती. त्यांतीलच एक रूप फ्रेंच उच्चारात घडत 'कीश' झाले, असे भाषाभ्यासक सामान्यतः मानतात.

३/ मग जर्मन शब्द फ्रेंच ताटात कसा? कारण लॉरेन हा पूर्वी फ्रान्सचा भागच नव्हता. ही डची शतकानुशतके पवित्र रोमन साम्राज्यात गणली जात असे. १७३७ मध्ये ती पोलंडचा पदच्युत राजा स्तानिस्लाव लेश्चिन्स्की याला मिळाली. तो पंधराव्या लुईचा सासरा. १७६६ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर लॉरेन फ्रान्सला जोडले गेले.

४/ पदार्थाची कल्पना मात्र कोणा एका प्रांताची नव्हे. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या स्वयंपाक्यांनी सुमारे १३९० मध्ये संकलित केलेल्या 'फोर्म ऑफ क्युरी' या ग्रंथात पारीत भाजलेल्या अंड्यांच्या पाककृती आहेत. एकीत अंड्याचा बलक, चीज, आले, केशर आणि साखर एकत्र येतात.

५/ येथे एक मौज आहे. 'कस्टर्ड' हा शब्द 'क्रस्ट', म्हणजे पारी, याच्याच कुळातला. आरंभी ते नाव पारीसकट पदार्थाचे होते. पुढे ते केवळ आतल्या सारणाला उरले. मध्ययुगातील कित्येक पाऱ्या जाड व कडक असत. त्यांचे मुख्य काम भांड्याचे. त्या खाल्ल्याच जात असे नाही.

६/ लॉरेनमधील जुन्या कीशच्या तळाशी पावाचेच पीठ असे. पाव घरोघरी मळला जाई, त्यातला एक गोळा लाटला आणि त्यावर अंडी व साय ओतली की कीश तयार. लोण्याचे मोहन घातलेली पारी नंतरची. याच जुन्या घडणीत चीजही नव्हते. आज चीजशिवाय कीश अनेकांना ओळखू येत नाही, तर जुन्या वळणाच्या लॉरेनवासीयांना चीज घातलेला कीश 'लॉरेन' वाटत नाही.

७/ आता सीमेकडे वळू. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला. फ्रांकफुर्टच्या तहाने अल्सासचा बहुतांश भाग आणि मेत्स शहरासह लॉरेनचा एक तुकडा जर्मन साम्राज्यात गेला. नान्सी फ्रान्सकडे राहिले. एकाच प्रांताचे दोन देश झाले. फ्रेंच नागरिकत्व टिकवायचे असेल तर १ ऑक्टोबर १८७२ पर्यंत तशी निवड करून घरदार सोडणे भाग होते.

८/ १९१८ मध्ये हा भाग फ्रान्सकडे परतला, १९४० मध्ये जर्मनीने पुन्हा बळकावला. फ्रेंच भाषेवर बंदी आली, गावांची व माणसांची नावे जर्मन करण्यात आली. १९४२ पासून अल्सास व मोझेलमधील सुमारे १,३०,००० पुरुषांना सक्तीने जर्मन सैन्यात भरती केले गेले. फ्रान्समध्ये त्यांना 'मालग्रे-नू', म्हणजे 'आमच्या इच्छेविरुद्ध गेलेले', म्हणतात.

९/ युद्धानंतर पारडे उलटले. शाळांतून फ्रेंच रुजवण्यात आली आणि घरची जर्मन बोली मागे पडत गेली. जेथे आपली भाषा बोलणे कधी या राजवटीत, कधी त्या राजवटीत संशयास्पद ठरे, तेथे 'कीश' हा बोलीतला शब्द फ्रेंच अभिमानाचा भाग होऊन टिकला. त्याला कोणी परका मानले नाही, कारण त्याचे परकेपण विसरले गेले होते.

१०/ पुढे तो अटलांटिक ओलांडतो. १९६१ मध्ये ज्युलिया चाइल्ड, सिमोन बेक व लुइझेत बेर्तोल यांच्या फ्रेंच पाककलेवरील ग्रंथाने तो अमेरिकी घरांत रुजवला. १९८२ पर्यंत तो इतका फॅशनेबल झाला होता, की 'खरे पुरुष कीश खात नाहीत' अशा अर्थाच्या शीर्षकाचे ब्रूस फाइरस्टीन यांचे विनोदी पुस्तक तुफान खपले. गंमत अशी, की मूळ पदार्थ अंडी, साय व मांस यांचा. शेतावर राबणाऱ्यांचे भरभक्कम अन्न. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी पालक व बाकल्याच्या शेंगांचे दाणे घातलेला कीश निवडला गेला.

११/ घरी करायचा तर : २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम गार लोणी, चिमूटभर मीठ, दोन-तीन चमचे थंड पाणी. गोळा थंड करून लाटावा, साच्यात बसवावा. वर कागद व कोरडा राजमा ठेवून १९० अंशांवर १५ मिनिटे, मग राजमा काढून आणखी ५ मिनिटे भाजावा. ही पूर्वभाजणी टाळली तर सारणातील ओल तळात शिरते आणि पारी कच्ची राहते. नंतर ३ अंडी व ३०० मिलिलिटर साय घुसळून ओतावी आणि १८० अंशांवर सुमारे अर्धा तास भाजावे.

१२/ पारी नको असेल तर साच्याला लोणी लावून पावाचा चुरा भुरभुरावा आणि साचा गरम पाण्याच्या परातीत ठेवून १६० अंशांवर भाजावा. पारी सारणाला तळाच्या उष्णतेपासून वाचवत असते. ते काम आता पाणी करते. दुधातली अंडी ८० अंशांच्या आसपास थिजतात. फार तापली तर प्रथिने आवळतात व पाणी सुटते. खरवस जास्त शिजला की होते तेच. म्हणून मध्यभाग किंचित थरथरत असतानाच कीश बाहेर काढावा.

१३/ बिनपारीचा कीश 'खरा' का, असा वाद नेहमी होतो. आपल्याकडील फळांचे कस्टर्ड आठवा. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी पत्नीला अंडी सोसत नसल्याने मक्याच्या पिठाचे बिनअंड्याचे कस्टर्ड बनवले. तशाच प्रकारची पूड आज मराठी घरांत आहे. त्या शब्दातून आधी पारी गेली, मग अंडेही गेले, तरी आपण त्याला कस्टर्डच म्हणतो.

१४/ तेव्हा 'मूळ पाककृती' असा दावा कानी आला, की एक प्रश्न जरूर विचारावा : मूळ, पण कोणत्या सालचे? पावाच्या पिठाचा, लोण्याच्या पारीचा, चीजचा आणि बिनपारीचा, असे सारे कीश एकाच इतिहासातले टप्पे आहेत. धागा येथे पूर्ण.