डोळ्यांनी मोजलेले तापमान

अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली जमवणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी जाणकाराच्या हाती १९०३ सालच्या नमुन्याची स्प्रिंगफील्ड रायफल आली, की तो लाकूड किंवा नळी पाहण्याआधी पोलादावर ठोकलेला अनुक्रमांक वाचतो. रायफल स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातली असेल आणि क्रमांक ८,००,०००च्या खाली असेल, किंवा रॉक आयलंडच्या कारखान्यातली असून क्रमांक २,८५,५०७च्या खाली असेल, तर ती भिंतीवर टांगायची. तिच्यातून गोळी झाडायची नाही. हे दोन आकडे कोठून आले याची हकिकत उष्णतेचा पाठ शिकवताना वर्गात सांगण्यासारखी आहे, असे आम्हांला वाटते.

रायफलीची नळी ज्या पोलादी भागात बसवतात त्याला रिसीव्हर म्हणतात. गोळी सुटते त्या क्षणी काडतुसात वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब निर्माण होतो. काडतुसाची पितळी पुंगळी हा दाब अडवून धरते. ती फाटली, तर तप्त वायू मागे येऊन रिसीव्हरवर आदळतात. चिवट पोलादाचा रिसीव्हर अशा वेळी फुगेल, वाकेल. ठिसूळ असेल तर त्याचे काचेसारखे तुकडे उडतात, आणि नेम धरणाऱ्याचा चेहरा तेथून वीतभरच दूर असतो.

अमेरिका १९१७ साली पहिल्या महायुद्धात उतरली. त्याच वर्षी काही रायफली अशा फुटल्या. काही काडतुसांचे पितळ मऊ निघाले, पण तेवढ्याने सारे उलगडत नव्हते. पोलाद इतके ठिसूळ का झाले, याचा शोध घेता घेता चौकशी घडाईच्या भट्टीपाशी पोहोचली. तेथे लोखंड किती तापले हे अनुभवी कारागीर रंगावरून ठरवत असत. ज्यूलियन हॅचर या लष्करी अधिकाऱ्याने १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॅचर्स नोटबुक' या पुस्तकात नोंदवले आहे की, कारागिराला योग्य वाटणारा तोच रंग ढगाळ दिवसापेक्षा लख्ख उन्हाच्या दिवशी ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १६५ अंश सेल्सिअस, अधिक तापमानाचा भरत असे.

यात कारागिरांचा आळस नव्हता. अंधाऱ्या खोलीत स्पिरिटच्या दिव्यावर लोखंडी तार लाल होईपर्यंत तापवा आणि मग खिडकी उघडून ऊन आत घ्या. तारेचे तापमान तेच असते, पण लाली फिकी पडते, कधी दिसेनाशीही होते. उजेडात डोळ्याची बाहुली आकसते आणि नेत्रपटलाची संवेदनशीलता उतरते. मग कारागीर नेहमीचा रंग दिसावा म्हणून लोखंड आणखी तापवतो. आपल्याकडचा लोहार भट्टी सावलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतो ते उगीच नाही.

पोलाद फार तापले की त्यातले स्फटिककण वाढत जातात. इतके झाले तर पुढच्या उष्णता-प्रक्रियेने ते पुन्हा बारीक करता येतात. त्याहीपुढे तापवले, तर कणांच्या सीमांवर ऑक्सिडीकरण होते आणि पोलाद 'जळते'. जळलेल्या पोलादाला मग कितीही वेळा पाणी द्या, ते सुधारत नाही.

खेदाची गोष्ट अशी की उपाय हाताशी होता. ल शातलिए यांनी १८८०च्या दशकातच प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियम यांच्या तारांचे तापयुग्म भट्टीच्या तापमानासाठी वापरण्याजोगे केले होते. तीस वर्षे उलटली, तरी बंदुकीच्या कारखान्यात भरवसा डोळ्यावरच होता! चौकशीनंतर तापमापक बसले आणि दोन टप्प्यांची नवी उष्णता-प्रक्रिया सुरू झाली. स्प्रिंगफील्डमध्ये ती फेब्रुवारी १९१८मध्ये सुमारे ८,००,००० या क्रमांकापासून, रॉक आयलंडमध्ये त्याच वर्षी मे महिन्यात २,८५,५०७पासून. पोलाद जुन्याच जातीचे होते, आराखडाही जुनाच.

मागे राहिले ते दहा लाखांहून अधिक जुने रिसीव्हर. हॅचर यांनी १९१७ ते १९२९ या काळातल्या ६८ फुटलेल्या रिसीव्हरांची यादी दिली आहे. दहा लाखांत ६८ हा आकडा नगण्य वाटतो, पण फुटला नाही तो प्रत्येक रिसीव्हर चांगला, असा त्याचा अर्थ नाही. त्यांतल्या पुष्कळांवर फाटक्या पुंगळीचा प्रसंगच आला नसेल.

संग्राहकाची खरी अडचण पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धात अनेक जुन्या रायफलींना नव्या नळ्या बसवल्या गेल्या. नळीच्या टोकाजवळ महिना आणि साल ठोकलेले असते. तेथे १९४२ वाचून कोणी निर्धास्त होईल, पण रिसीव्हर १९११चा असू शकतो. म्हणून क्रमांक पाहायचा तो रिसीव्हरवरचा. काही रायफली कवायतीसाठी वितळजोड करून मुद्दाम निकामी केलेल्या असतात. (आपल्याकडे एनसीसीच्या कवायतीच्या रायफलींवर 'डीपी' ही अक्षरे असतात, ती याच जातीची खूण.) कोणी तो जोड घासून वर नवा मुलामा दिला, तर रायफल साजरी दिसते, पण जोडाच्या उष्णतेने तेथील पोलादाचे पाणी उतरलेले असते. मुलाम्याखालचे घासल्याचे ओरखडे आणि बुजलेली, पुसट अक्षरे तिरप्या उजेडात शोधावी लागतात.

ठिसूळपणाला मात्र अशी खूण नसते. कठीणपणाची चाचणी पृष्ठभागाविषयी सांगते, आतल्या चिवटपणाविषयी नाही. चुंबकीय चाचणीत भेग असेल तर दिसते. भेग पडण्याआधीचे जळलेले पोलाद दिसत नाही. ८,००,०००च्या खालचे कितीतरी रिसीव्हर ढगाळ दिवशी घडलेले आणि उत्तम असतील. एखादा विशिष्ट रिसीव्हर त्यांपैकी आहे का, हे हातोडा मारून पाहिल्यावर कळते, आणि ठिसूळ निघाला तर तो उरत नाही.