दवाखान्यात देवाधर्माचं बोलावं का?

डॉक्टरने पेशंटशी देवाधर्माबद्दल बोलावं की बोलू नये? हा प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचं एक जुनं उदाहरण आपल्या कोल्हापुरातच आहे.

१८७८ साली टपाल खात्यातले गोपाळराव जोशी कोल्हापुरात होते. पत्नी आनंदीबाईंना अमेरिकेत शिकवावं म्हणून त्यांनी अमेरिकी मिशनऱ्यांकडे मदत मागितली. कोल्हापुरात १८५२ पासून मिशनचं काम केलेले रॉयल वाइल्डर तेव्हा मायदेशी परतले होते. तुम्ही दोघे ख्रिस्ती झालात तर मदत होईल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. हा पत्रव्यवहार त्यांनी आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो दातांच्या डॉक्टरकडे नंबरची वाट पाहताना वाचला आणि धर्माची कोणतीही अट न घालता मदतीचा हात दिला.

१८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरच्या भाषणात आनंदीबाईंनी जाहीर केलं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्री विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्या पदावर रुजू होणं राहूनच गेलं.

आनंदीबाईंना नाही म्हणता आलं, कारण त्या वाट पाहू शकत होत्या. आजारी माणसाला तेवढी मुभा नसते. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेला मिशन हॉस्पिटल सुरू केलं. या हॉस्पिटलने आपल्या भागाची मोठी सेवा केली, हे मान्यच करायला हवं. पण त्या काळच्या मिशन दवाखान्यांत उपचारांबरोबर प्रार्थना आणि धर्मोपदेश असणं ही सर्रास रीत होती. तापाने फणफणलेलं मूल मांडीवर घेऊन बसलेली आई अशा वेळी उठून जाणार कुठे? तिचं ऐकून घेणं म्हणजे तिची संमती नव्हे.

म्हणूनच २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतल्या प्रतिज्ञेत डॉक्टर म्हणतो, की माझं कर्तव्य आणि माझा पेशंट यांच्यामध्ये मी धर्म येऊ देणार नाही. हे सगळ्याच डॉक्टरांना लागू आहे, मग ते श्रद्धाळू असोत वा नास्तिक.

मग धर्माचा विषयच काढू नये का? तसं नाही. माघातले जोतिबाचे खेटे घ्या. रविवारी कोल्हापूरहून अनवाणी चालत वाडी रत्नागिरीचा डोंगर चढायचा. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. खडा रुतलेला किंवा तापलेल्या डांबराचा चटका बसलेला कळत नाही, जखम चिघळते आणि कधी बोट, तर कधी पाऊलही गमवावं लागतं. त्यातच उपवास धरून गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखंच घेतलं, तर वाटेत साखर एकदम उतरू शकते.

म्हणून डॉक्टरने विचारायलाच हवं: खेटे घालता का? उपवास करता का? मात्र "हे सगळं थोतांड आहे" म्हणणं डॉक्टरचं काम नाही. पेशंट पुढच्या वेळी गप्प बसतो आणि जखम लपवतो. "देवाला चप्पल चालते हो" असं सांगायचाही अधिकार आपल्याला नाही. पायाला धोका किती, हे डॉक्टरने स्पष्ट सांगावं. नवसाला मुरड कशी घालायची, हे पेशंटने, घरच्यांनी आणि हवं तर गुरवांना विचारून ठरवावं.

तुम्हीही न विचारता सांगा. निघण्याआधी पाय तपासून घ्या, औषधाची वेळ आणि डोस विचारून घ्या, खिशात साखर ठेवा आणि परत आल्यावर तळवे उजेडात नीट पाहा. लहानशी जखम दिसली तरी त्याच दिवशी दाखवा. अनवाणी का गेलात, म्हणून कुणी डॉक्टर रागावेल या भीतीने थांबू नका.