सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. इंजिनिअरिंग-फार्मसीसाठी 'कॅप'चा फॉर्म वेगळा

बारावीचा निकाल लागला, सीईटीचाही लागला, पर्सेंटाइल बरे पडले. आता कॉलेजकडून काहीतरी कळेल म्हणून घरी वाट बघणारी मुलं दर वर्षी गावोगावी असतात. कॉलेजकडून काही कळत नाही. फोन येतो तो एजंटचा, आणि तोवर कॅप नोंदणीची मुदत संपलेली असते.

राज्यातल्या इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, विधी, बीएड अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश मुंबईतला राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, एकाच ठिकाणाहून करतो. त्यात दोन अर्ज असतात. पहिला परीक्षेचा, जो बारावीच्या वर्षातच भरला जातो. दुसरा केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा. तो निकालानंतर नव्याने भरायचा, त्याची फी वेगळी आणि कागदपत्रंही पुन्हा अपलोड करायची. दोन्ही अर्ज सीईटीसेल डॉट महासीईटी डॉट ओआरजी या अधिकृत संकेतस्थळावरूनच होतात.

फॉर्म बहुतेक जण सेतू किंवा नेट कॅफेत भरतात. त्याला हरकत नाही, पण मोबाइल नंबर आणि ईमेल घरचाच द्यावा. कॅफेवाल्याचा नंबर टाकला की ओटीपी, त्रुटीचा मेसेज, जागा मिळाल्याचा मेसेज सगळं त्याच्याकडे जातं. तो दिवसाला पन्नास फॉर्म भरतो, त्याच्या लक्षात राहत नाही. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा.

पात्रतेचं गणित

एमएचटी-सीईटी २०० गुणांची. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीला ८० टक्के महत्त्व असतं. निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो आणि इथं घराघरात गोंधळ होतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या शंभरातली नव्वद मुलं त्याच्या बरोबरीला किंवा मागं आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

इंजिनिअरिंगची मेरिट लिस्ट सीईटीवर लागते, बारावीवर नाही. म्हणून बारावीकडं दुर्लक्ष करणारे फसतात, कारण पात्रता बारावीवरच ठरते. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, तर महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०. मराठी-इंग्रजीच्या जोरावर एकूण ६० टक्के पडले तरी या तीन विषयांची बेरीज कमी भरली तर उपयोग नाही.

फार्मसीला फिजिक्स आणि केमिस्ट्री सक्तीचे, सोबत मॅथ्स किंवा बायोलॉजी चालतं. टक्केवारीची अट तीच. अकरावीत मॅथ्स सोडलेल्याला इंजिनिअरिंगचं दार बंद होतं, फार्मसीचं उघडं राहतं. ग्रुप निवडताना हे कुणी सांगत नाही.

खरी अडचण दाखल्यांची

तहसील कचेरीत जूनमध्ये जी गर्दी उसळते ती याच्यासाठी. दहावी-बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र हे मिळून जातं. जीव टांगणीला लागतो तो जात वैधता प्रमाणपत्रापाशी, म्हणजे व्हॅलिडिटीपाशी.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. व्हॅलिडिटी देते ती जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती, आणि अनुसूचित जमातीसाठी वेगळी तपासणी समिती आहे. दोन्ही कागद वेगळे. जातीचा दाखला हातात आहे म्हणून निर्धास्त राहिलेलं कुटुंब प्रवेशाच्या वेळी अडकतं. समिती जुना पुरावा मागते: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यासाठी जुन्या गावच्या शाळेत खेटे घालावे लागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर महसुली नोंदी, गाव नमुना १४ शोधावा लागतो. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, चुलत्याला किंवा चुलतभावाला, आधीच व्हॅलिडिटी मिळाली असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. हे सगळं महिन्यांचं काम आहे, म्हणून प्रस्ताव अकरावीतच कॉलेजमार्फत टाकलेला बरा.

बहुतेक वर्षी समितीकडे अर्ज केल्याच्या पावतीवर कॅपचा फॉर्म घेतला जातो, पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र न आल्यास उमेदवार खुल्या गटात ढकलला जातो. समजा ओबीसी मुलाला तीन विषयांत १२५ गुण आहेत. मागास गटात तो पात्र होता. व्हॅलिडिटी राहिली की खुल्या गटाची १३५ ची अट त्याला लागते आणि तो यादीतूनच बाहेर पडतो. सीईटीत कितीही चांगले पर्सेंटाइल असोत.

ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना नॉन-क्रिमिलेयरही लागतं, एससी-एसटींना लागत नाही. त्याची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत हवी. २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध असलेलं चालेल, गेल्या वर्षी संपलेलं नाही.

गाव एक, होम युनिव्हर्सिटी दुसरी

इंजिनिअरिंगच्या बऱ्याच कॉलेजांत ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात झालेल्यांची हद्द गावावरून नाही, तर बारावीच्या कॉलेजवरून ठरते. सोलापूर जिल्ह्यातला मुलगा लातूरला बारावी झाला, तर त्याची होम युनिव्हर्सिटी सोलापूरची नाही, नांदेडची. दहावी कर्नाटकात झाली असेल तर गट बदलतो आणि अधिवास प्रमाणपत्राशिवाय पुढं जाता येत नाही.

जुने कट-ऑफ बघताना जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ अशी अक्षरं दिसतात. पहिलं जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा. शेवटचं एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. आपल्या रांगेचाच आकडा बघावा.

पसंतीक्रम आणि चार फेऱ्या

कागद तपासले गेले की तात्पुरती यादी लागते, तीत नाव-प्रवर्ग चुकला असेल तर तक्रारीला दोन-तीन दिवसच मिळतात. अंतिम यादीनंतर कॉलेज आणि शाखेचे पर्याय भरायचे. २०२५-२६ ला चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागे. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी आणि चौथीत कुठलीही. नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून मित्रानं टाकलं म्हणून वर टाकलेलं कॉलेज महागात पडतं. जिथं खरंच जायचं तेच वर.

कोडच्या शेवटी टी असलेला पर्याय म्हणजे टीएफडब्ल्यूएस. त्यात ट्यूशन फी माफ असते, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. तो वेगळा पर्याय म्हणून भरावा लागतो, आपोआप मिळत नाही.

कॅपबाहेर घेतलं तर

मॅनेजमेंट कोट्यातून "लगेच सीट देतो" म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी एक हिशेब करावा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला असला तरच. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ती लागू नाही. कॅपमधून जागा मिळाल्यावर महाडीबीटीवर वेगळा अर्ज करावा लागतो. तिथं आधार बँक खात्याला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात.

जागा मिळाली तर लॉगिनमधून ती स्वीकारून १००० रुपये भरायचे आणि दिलेल्या मुदतीत मूळ कागदांसह कॉलेजात हजर व्हायचं. पुढं विचार बदलला तर शेवटच्या तारखेआधी प्रवेश ऑनलाइन रद्द करावा; १००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. नुसतं तोंडी सांगून किंवा कॉलेजला फोन करून प्रवेश रद्द होत नाही.