घरची पवनचक्की : तारेच्या आधी आणि तारेच्या पलीकडे

घरापुरती वीज निर्माण करणाऱ्या छोट्या पवनचक्कीचा इतिहास वरवर पाहता पात्यांच्या आणि जनित्रांच्या सुधारणेचा इतिहास वाटतो. प्रत्यक्षात मात्र वीज साठवण्याच्या आणि वीज वाहून नेण्याच्या साधनांनी त्याला वेळोवेळी वळण दिले आहे. धान्य दळणाऱ्या किंवा पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीला वारा पडला की थांबून राहता येते, कारण पीठ कणगीत आणि पाणी टाकीत शिल्लक असते. दिव्याला ही सोय नाही. तो अंधार पडल्यावर लागतो आणि वारा मात्र आपल्या वेळेने वाहतो. म्हणूनच युरोपात शतकानुशतके पवनचक्क्या फिरत असूनही आणि जनित्राचे तत्त्व 1831 पासून ठाऊक असूनही, वाऱ्यावर घर उजळण्याची कल्पना व्यवहारात येण्यासाठी शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल यांच्या आधारे वीज साठवणारा घट, म्हणजे आजच्या मोटारीतील बॅटरीचा पूर्वज, तयार होईपर्यंत थांबावे लागले. प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये असा घट बनवला आणि फोर याने 1881 मध्ये त्याला कारखान्यात घडवण्याजोगे रूप दिले.

त्यानंतर सहाच वर्षांनी, 1887 च्या जुलै महिन्यात, ग्लासगो येथील अँडरसन्स कॉलेजातील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी स्कॉटलंडच्या ईशान्येकडील मेरीकर्क या खेड्यात आपल्या सुट्टीतील घराच्या बागेत सुमारे 10 मीटर उंचीची, कापडी शिडांची पवनचक्की उभारली. तिच्या जनित्रातून फोरच्या पद्धतीचे घट भरले जात आणि त्या घटांवर घरातील दिवे चालत. वाऱ्याच्या विजेवर उजळलेले जगातील पहिले घर म्हणून या घराचा उल्लेख केला जातो. उरलेली वीज गावच्या मुख्य रस्त्यावरील दिव्यांसाठी देण्याची तयारी ब्लाइथ यांनी दाखवली, परंतु गावकऱ्यांनी ही सैतानाची करणी म्हणून ती नाकारली असे सांगितले जाते. ही हकीकत कितीही रंगवून सांगितलेली असली, तरी एका घरापुरते यंत्र आणि सगळ्या गावाची सोय यांच्यातील ताण तिच्यात पहिल्यापासूनच दिसतो.

याच सुमारास, 1887-88 च्या हिवाळ्यात, अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात चार्ल्स ब्रश या धनाढ्य संशोधकाने आपल्या हवेलीच्या मागे 17 मीटर व्यासाचे आणि 144 लाकडी पात्यांचे प्रचंड चक्र उभे केले. त्याची क्षमता 12 किलोवॅट होती आणि तळघरात 408 घट मांडलेले होते. सुमारे वीस वर्षे ते चालले. पण ते एका श्रीमंताचे यंत्र होते, त्याची नक्कल करणे सामान्य शेतकऱ्याला शक्य नव्हते. त्या दृष्टीने डेन्मार्कमधील आस्कोव्ह येथील लोकशाळेत पौल ला कूर यांनी 1891 पासून केलेले काम अधिक फलदायी ठरले, कारण पाती कमी आणि वेगवान असावीत हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले आणि खेड्यांतील तरुणांना पवनविजेचे तंत्र शिकवण्याची सोयही केली.

घरची पवनचक्की खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचली ती अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ मैदानांवर. 1854 मध्ये डॅनियल हॅलाडे यांनी आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरवणारी पाणी उपसणारी चक्की बनवल्यानंतर तेथे अशा चक्क्या शेताशेतावर उभ्या राहिल्या होत्या, परंतु त्या वीजनिर्मितीच्या कामाच्या नव्हत्या. पंपाचा दांडा उचलायला संथ गती आणि मोठा पीळ लागतो, म्हणून त्या चक्रात पुष्कळ रुंद पाती दाटीने बसवलेली असत. जनित्राला याच्या उलट, बेताचा पीळ आणि भरपूर वेग लागतो. वेग मिळवायचा तर पाती दोन किंवा तीन, अरुंद आणि विमानाच्या पंख्याच्या आकाराची हवीत, आणि हा आकार पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानांमुळे सर्वांच्या परिचयाचा झाला होता.

मागणीही तयारच होती. 1916 पासून डेल्को-लाइट या नावाने पेट्रोल किंवा रॉकेलवर चालणारे छोटे वीजसंच शेतघरांत येऊ लागले होते. त्यांचा दाब 32 व्होल्ट असे, कारण काचेच्या भांड्यांतील दोन-दोन व्होल्टचे सोळा घट एकापुढे एक जोडले की तेवढा दाब मिळतो. या दाबावर चालणारे दिवे, इस्त्र्या आणि धुलाईयंत्रेही बाजारात मिळत. त्यानंतर 1920 च्या दशकात रेडिओ आला, आणि त्याची बॅटरी उतरली की ती गाडीत घालून गावातल्या गॅरेजमध्ये भरायला न्यावी लागे. शहरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबाला बाजारभाव, हवामानाचा अंदाज आणि गाणी ऐकण्यासाठी ही यातायात करावी लागत असताना, मोडीत निघालेल्या मोटारीचे जनित्र काढून त्याला लाकडी पंखा बसवण्याची कल्पना अनेकांना स्वतंत्रपणे सुचली यात नवल नाही. अशा घरगुती यंत्रात एक छोटी कळ अत्यावश्यक असे: वारा मंदावला की बॅटरीतील वीज उलटी वाहून जनित्रालाच मोटारीसारखे फिरवू लागते, आणि ही कळ तो उलटा प्रवाह आपोआप तोडत असे. मोटारीत ती आधीपासून असल्यामुळे शेतकऱ्याला ती नव्याने शोधावी लागली नाही.

मोटारीच्या जनित्राची मर्यादा मात्र लवकरच लक्षात आली. ते मिनिटाला हजाराच्या आसपास किंवा त्याहून अधिक फेऱ्यांसाठी घडवलेले, आणि मोठा पंखा तेवढ्या वेगाने फिरू शकत नाही. मोंटाना राज्यातील व्हायडा या गावाजवळच्या कुरणांवर वाढलेल्या मार्सेलस आणि जो जेकब्स या बंधूंनी 1922 च्या सुमारास फोर्ड मोटारीचा मागचा आस वापरून पंपाच्या चक्रावर प्रयोग सुरू केले आणि अखेर पंप व मोटार या दोहोंचा आधार सोडून दिला. त्यांनी संथ गतीतच पुरेशी वीज देणारे जड जनित्र खास बनवले आणि त्याच्या आसावर पाती थेट बसवली; मधल्या दंतचक्रांची झीज आणि देखभाल त्यामुळे टळली. विमान चालवायला शिकलेल्या मार्सेलस यांनी तीन पात्यांचा आग्रह धरला, त्यामागील कारण मुळातून समजून घेण्यासारखे आहे. वाऱ्याची दिशा बदलली की संपूर्ण चक्राला मनोऱ्यावर वळावे लागते. दोन पाती उभ्या रेषेत असताना हे वळण सहज होते, पण तीच पाती आडवी झाली की त्याला मोठा विरोध होतो. त्यामुळे प्रत्येक फेरीत यंत्राला दोन हिसके बसतात आणि कालांतराने आस, पाती आणि मनोरा खिळखिळे होतात. तीन पात्यांत हा विरोध सर्व स्थितींत सारखाच राहतो. जेकब्स बंधूंचा कारखाना 1930 च्या दशकाच्या आरंभी मिनियापोलिसला हलला, आणि त्यांचे एक यंत्र 1933 मध्ये ध्रुवीय संशोधक बर्ड यांच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकावरील लिटल अमेरिका या तळावर गेले.

वेग वाढवण्यापेक्षा वेग आवरणे हा या यंत्रांचा अधिक कठीण प्रश्न होता. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. त्यातील अधिकात अधिक 59.3 टक्के शक्तीच चक्राला घेता येते हे आल्बर्ट बेट्स या जर्मन शास्त्रज्ञाने 1919 मध्ये मांडले, परंतु वादळात तेवढा वाटाही यंत्र मोडायला पुरेसा असतो. जेकब्स यांच्या यंत्रात फिरण्याचा वेग वाढला की वजने बाहेर फेकली जाऊन तिन्ही पाती एकाच वेळी आपला कोन बदलत आणि वाऱ्याची पकड सोडत. आयोवा राज्यातील आल्बर्स बंधूंच्या ‘विनचार्जर’मध्ये हेच काम पंख्याला जोडलेले दोन पत्रे करीत, वेग वाढला की ते बाहेर उघडत आणि हवेला अडवून ब्रेकसारखे काम करीत. पहिला उपाय टिकाऊ आणि महाग, दुसरा ओबडधोबड पण स्वस्त होता. झेनिथ या रेडिओ कंपनीने विनचार्जरमध्ये हिस्सा घेऊन तिचे 6 व्होल्टचे छोटे यंत्र आपल्या रेडिओबरोबर सवलतीत विकले, तेव्हा स्वस्तपणाचाच जय झाला. बहुसंख्य कुटुंबांच्या घरी आलेली पहिली पवनवीज रेडिओपुरती आणि फार तर एखाद-दुसऱ्या दिव्यापुरती होती. संपूर्ण घर चालवणारी जेकब्स यांची यंत्रे सुस्थितीतील शेतकऱ्यांनाच परवडत.

या घरांना विजेबरोबर एक नवे कामही मिळाले. घटांतील पाणी उडून जाई, म्हणून त्यात ठरावीक काळाने ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे क्षार नसलेले शुद्ध केलेले पाणी, घालावे लागे. आम्लाची घनता मोजून घट किती भरला आहे ते पाहावे लागे, आणि धुणे-इस्त्रीसारखी जड कामे वारा असेल त्या दिवसावर ढकलावी लागत. कमी दाबाची वीज लांबवर नेली तर तारेतच खर्च होते, म्हणून मनोरा घराजवळच हवा आणि तरीही झाडांच्या व छपरांच्या वर निघेल इतका उंच हवा, ही अडचण वेगळीच.

हे सारे बदलले ते 1935 च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र यंत्रणा स्थापन केल्यावर. त्या वेळी अमेरिकेतील सुमारे दहा टक्के शेतांवरच वीज पोहोचली होती. सरकारी कर्जांच्या बळावर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी तारा ओढल्या आणि 1950 च्या दशकाच्या आरंभापर्यंत हे प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांवर गेले. पवनचक्क्यांचे कारखाने एकामागून एक बंद पडले. मोठ्या कंपन्यांनी घरगुती स्वावलंबनाचा गळा घोटला, अशी मांडणी पुढच्या काळात केली गेली, पण ती एकांगी आहे. तारेतून आलेल्या विजेवर दूध थंड ठेवण्याचे यंत्र आणि शीतकपाट रात्रंदिवस चालत असे, वारा पडण्याची भीती नव्हती, घट बदलण्याचा खर्च नव्हता. ज्या घरातील बाईने वाऱ्याची वाट पाहत धुण्याचे ढीग साठवले होते, तिच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय सरळ होता. शिवाय ती तारही बहुधा शेतकऱ्यांच्याच सहकारी संस्थेची होती.

1973 च्या तेलसंकटानंतर काही तरुणांनी शेतांच्या कडेला गंजत पडलेली जेकब्स यंत्रे शोधून दुरुस्त केली. न्यूयॉर्कच्या ईस्ट 11व्या रस्त्यावरील एका जुन्या चाळवजा इमारतीच्या छपरावर 1976 मध्ये भाडेकरूंनी असेच 2 किलोवॅटचे यंत्र बसवले आणि त्याची वीज शहराच्या जाळ्याला जोडली. वीज कंपनीने हरकत घेतली, परंतु निर्णय रहिवाशांच्या बाजूने लागला. 1978 च्या संघराज्य कायद्याने छोट्या उत्पादकांची वीज विकत घेणे वीज कंपन्यांवर बंधनकारक केले. ज्या तारेने घरच्या पवनचक्कीला हटवले होते, तीच तार आता घटांच्या ऐवजी साठवणुकीचे काम करू लागली.

स्वतःच्या हाताने पवनचक्की घडवण्याची परंपरा मात्र तार न पोहोचलेल्या जागीच जोमाने वाढली. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील स्कोरेग या, मोटाररस्ता नसलेल्या द्वीपकल्पावर ह्यू पिगॉट यांनी 1970 च्या दशकापासून भंगारातील सुट्या भागांपासून पवनचक्क्या बनवल्या आणि त्यांच्या रीती पुस्तकांतून व कार्यशाळांतून जगभर पोहोचवल्या. मोटारीच्या चाकाचा तुंबा, म्हणजे बेअरिंगसह मध्यभाग, हा या रचनेचा कणा असतो. त्यावर दोन पोलादी तबकड्या बसतात, त्यांच्या समोरासमोरच्या बाजूंवर 1980 च्या दशकात उपलब्ध झालेली निओडिमियमची प्रभावी चुंबके आळीपाळीने उत्तर व दक्षिण ध्रुव येतील अशी चिकटवतात, आणि दोहोंच्या मधल्या फटीत तांब्याच्या तारेची वेटोळी रेझिनमध्ये ओतून केलेली स्थिर तबकडी राहते. वेटोळ्यांत लोखंड नसल्यामुळे चुंबके कोठेही अडखळत नाहीत आणि मंद वाऱ्यातही चक्र सुटते. पाती लाकडाच्या फळीतून रंध्याने आणि पटाशीने कोरली जातात. टोकाचा भाग मुळापेक्षा कितीतरी वेगाने फिरत असल्यामुळे मुळाशी कोन जास्त आणि टोकाशी कमी ठेवावा लागतो. वादळापासून बचावाची युक्तीही साधीच आहे: चक्र मनोऱ्याच्या मध्यापासून थोडे बाजूला बसवतात, त्यामुळे वारा ते सतत वळवू पाहतो आणि तिरप्या बिजागरीवरील शेपटीचे वजन ते धरून ठेवते, वारा फार वाढला की शेपूट उचलली जाते आणि चक्र वाऱ्याला पाठ न देता कूस देते.

फिरता भाग नसलेली सौर पत्रे स्वस्त झाल्यापासून अशा यंत्रांचे क्षेत्र आणखी आक्रसले आहे, आणि वीज हवी म्हणून छोटी पवनचक्की घेणाऱ्याने आधी सौर पत्र्यांचा हिशेब करावा हेच शहाणपणाचे. तरीही उत्तरेकडील प्रदेशांत, जेथे हिवाळ्यातील दिवस आखूड आणि वारा मात्र जोराचा, तेथे दोन्ही साधने एकमेकांची उणीव भरून काढतात. महाराष्ट्रात ऋतूंचे गणित वेगळे असले तरी निष्कर्ष तोच निघतो: सह्याद्रीच्या माथ्यावर वारा सर्वाधिक असतो तो नेमका जून ते ऑगस्टच्या ढगाळ महिन्यांत. त्यामुळे महाऊर्जा या राज्य सरकारच्या संस्थेच्या योजनांतून राज्यात बसवलेल्या छोट्या पवन-सौर संकरित संचांमध्ये पावसाळ्यातील बराच भार पवनचक्कीवर आणि उरलेल्या वर्षाचा सौर पत्र्यांवर टाकता येतो. घटांचा आकार ठरवताना मात्र दोन्ही साधने एकाच वेळी मंदावणाऱ्या, वारा पडलेल्या ढगाळ दिवसांचाच हिशेब करावा लागतो.