टक्कर कामी आली

चौकटी आखलेल्या कागदावर, जितक्या चौकटी तितकेच ज्वारीचे दाणे उधळा. अशा शेकडो चौकटी मोजल्या तर साधारण ३७ टक्के रिकाम्या, ३७ टक्क्यांत एकेक दाणा, उरलेल्यांत दोन वा अधिक दिसतील. नंदुरबारच्या कोणत्याही शाळेत करता येणाऱ्या या प्रयोगामागचे सूत्र फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी १८३७ मध्ये मांडले.

१९८६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन चू, आर्थर अॅश्किन व सहकाऱ्यांनी लेसरच्या केंद्रित झोतात सुमारे ५०० थंड सोडियम अणू पकडले. पण नेमका एकच अणू कसा धरायचा? सापळ्यात अणूही दाण्यांसारखेच यदृच्छेने पडतात. शिवाय लेसर प्रकाशात दोन अणूंची टक्कर झाली, की मिळालेल्या ऊर्जेने दोघेही निसटतात. टक्कर म्हणजे नुकसानच!

२००१ मध्ये फ्रान्समधील ऑर्से येथे फिलिप ग्रांजिए यांच्या गटाने अतिशय चिमुकला सापळा वापरला. त्यात दुसरा अणू शिरताच टक्कर होई व जोडी बाहेर पडे. म्हणून सापळ्यात शून्य किंवा एकच अणू सापडे. चौकटींतून दाण्यांच्या जोड्या उचलल्यावर उरते तसेच हे.

यदृच्छेला लगाम घातला तो टक्करीनेच. अशा एकेका अणूच्या रांगा मांडून आज क्वांटम संगणक घडवले जात आहेत.